पाटी, पत्रक आणि पत

पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गल्लीत शिरला की तिच्या तातेवर एक ठोका मारीत असे. त्या आवाजाने अर्धी गल्ली दारात येई. गादीतला कापूस गाठाळला आहे, उशा दगडासारख्या झाल्या आहेत, याची आठवण घरातल्या बायकांना तो आवाज ऐकल्यावरच होई. कल्हईवाल्याची आरोळी, शिकलगाराच्या चाकाची घरघर, बांगड्यांची माळ हातावर घेऊन दारोदार फिरणारा मणियार, ही सर्व जाहिरातच होती. अत्तरवाला तर बोलतही नसे. समोरच्याच्या मनगटाला फाया लावून पुढे जाई. संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या मागे मागे अत्तरवाल्याचे नाव फिरत राही. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, मणियार ही आडनावे ज्या समाजात आहेत, त्या समाजाला जाहिरात म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागू नये. धंदाच ज्याचे नाव झाला, त्याची पाटी तो जन्मतःच गळ्यात घालून आलेला असतो.

परंतु आज एखाद्या छोट्या दुकानदाराजवळ जाहिरातीचा विषय काढावा तर तो दोन्ही हात जोडतो. जाहिरात हा मोठ्या कंपन्यांचा खेळ, आमचे काम बोलते, असे तो म्हणतो. काम बोलते हे खरे आहे. पण ज्याने ते काम पाहिलेच नाही, त्याच्याशी ते कसे बोलणार? दुसरीकडे त्याच दुकानदाराचा मुलगा चौकात मोठा फ्लेक्स लावतो. त्यावर त्याचा स्वतःचा काळ्या चष्म्यातला फोटो, खाली दहा-बारा मित्रांचे फोटो आणि दुकानाचे नाव असते. दुकानात काय मिळते एवढेच तेवढे नसते. बाप गप्प आणि मुलगा भलतेच बोलतो, अशी ही अवस्था आहे. मधल्या मध्ये गिऱ्हाईक घरबसल्या फोनवरून माल मागवू लागले आहे. तीन पिढ्यांचे घर सुटले याची वार्ता दुकानदाराला लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

ज्याला फारसा पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि ज्यात दुकानाबरोबर मोहल्ल्याचेही भले होते, अशा काही गोष्टींबद्दल आम्हाला येथे लिहावयाचे आहे.

आधी पाटी. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने सुटत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. देवनागरी अक्षरे आधी हवीत आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा नियम आहे. व्यापाऱ्यांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्यातील काहींनी हे दंडाच्या भीतीने केले आणि काहींनी अजून केलेले नाही. आम्ही तर म्हणतो, कायदा नसता तरी हे आपल्याच फायद्याचे होते. खेड्यातून बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि उर्दू तर नाहीच नाही. उर्दू पाटी जरूर ठेवा. ती आपली भाषा आहे आणि तिला कायद्याची मनाई नाही. पण ज्याच्या खिशातून पैसा यावयाचा आहे, त्याला कळेल असे काही तरी वर लिहा.

आणि काय लिहावे? 'न्यू स्टार' एवढ्याने कोणाला काय समजणार? ('न्यू' लिहिलेली कित्येक दुकाने आमच्या वयाची आहेत, हा भाग वेगळा.) नाव लहान आणि काम मोठे असावे: 'सायकल व मोपेड दुरुस्ती', 'शेरवानी, जोधपुरी, शाळेचे गणवेश शिवून मिळतील', 'गाद्या-रजया भरून मिळतील'. शटरवर एक साधी खडूची पाटी टांगण्याची सवय फार थोड्यांना आहे. जुम्याच्या दिवशी दुपारी आपण दुकान ओढून नमाजला जातो. बाहेरगावचे गिऱ्हाईक येते, बंद शटर पाहते आणि शेजारच्या दुकानात शिरते. 'नमाजसाठी बंद, अडीच वाजता उघडेल' एवढे खडूने लिहिले असते तर ते चहा पिऊन परत आले असते. मात्र अडीच लिहिले तर अडीचला उघडले पाहिजे. पावणेतीनला डुलत डुलत येणाऱ्याने पाटी न लावलेलीच बरी.

पाटी दुकानदाराची झाली. कारागिराचे काय? त्याला तर दुकानच नसते. जरीकाम करणारा, शिलाईचे काम घरी आणून करणारा, लेथवर सुटे भाग करून देणारा, हे सर्व दुसऱ्याच्या नावाखाली झाकलेले आहेत. माल त्यांचा आणि लेबल व्यापाऱ्याचे. व्यापाऱ्याने हात काढला की कारागिराला विचारणारे कोणी उरत नाही, कारण त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या कामावर कधी आलेलेच नसते. येथे मिरजेची आठवण ठेवण्यासारखी आहे. तेथले शिकलगार मूळचे शस्त्रांचे कारागीर. तो धंदा बसत चालला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे व सितारी बनविण्यास हात घातला. पुढे 'सितारमेकर' हेच आडनाव झाले, आणि मिरजेचा तानपुरा म्हटले की गवई डोळे झाकून विश्वास ठेवू लागला. २०२४ साली मिरजेच्या सितारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन आज मिळाले. नाव मात्र त्यापूर्वी दीडशे वर्षे कारागिरांनी वाद्यागणिक कमावले होते.

प्रत्येकाला मिरज होता येणार नाही. पण चिठ्ठी तर लावता येईल? मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही एका रजईवाल्याकडे बसलो होतो. तो रजईचा शेवटचा टाका घालण्यापूर्वी आत कडेला कापडाची एक चिंधी शिवीत होता. तिच्यावर पक्क्या शाईने त्याचे नाव, गाव, फोन, कापूस भरल्याचा महिना व वर्ष आणि 'चार वर्षांनी पिंजून घ्या' असे लिहिलेले होते. लग्नात दिलेली रजई चार वर्षांनी मुलीच्या सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात, उसवते आणि फोन याच्याकडे येतो. या चिंधीला त्याचा काहीच खर्च नाही. कापूस खराब निघाला तर शिव्याही त्याच चिंधीवरून त्याच्यापर्यंत येतील हे त्याला माहीत आहे, आणि म्हणूनच तो कापूस नीट भरतो. वायरमनने मीटरच्या पेटीच्या आत, नळ दुरुस्त करणाऱ्याने मोरीच्या दारामागे, शिंप्याने खिशाच्या आतल्या बाजूस हेच करावे. शिंप्याजवळ तर मापांची वही असते, आणि ती वही म्हणजे सोन्याची खाण आहे. ज्याचे माप आपल्या वहीत आहे त्याला ईदच्या महिनाभर आधी 'माप आहे, फक्त कापड पाठवा' एवढा निरोप गेला तर तो दुसरीकडे कशाला जाईल?

आता रमजानच्या कार्डाबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. सहरी व इफ्तारच्या वेळांचे कार्ड ही आपल्या समाजातील सर्वात जुनी आणि सर्वात चांगली जाहिरात आहे. महिनाभर ते कार्ड घरात भिंतीवर असते. दिवसातून दोन वेळा सारे घर त्याकडे पाहते. कोणत्या वर्तमानपत्रातली जाहिरात कोणी साठ वेळा पाहतो? जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले ते याच हिशेबाने चालले: जी वस्तू रोज उपयोगी पडते ती कोणी भिंतीवरून काढीत नाही. तारखांमागच्या कोऱ्या पानावर त्यांनी वाचण्यासारखा मजकूर दिला आणि कॅलेंडर वर्षभर घरात राहिले.

पण आपण हे कार्ड कसे छापतो? मुद्रकाकडे मुंबईचा तक्ता तयार असतो. त्यावर वर आपले नाव, खाली आपला फोन, की झाले. नागपूर मुंबईच्या इतके पूर्वेला आहे की तेथे पहाट सुमारे पंचवीस मिनिटे आधी होते. सोलापुरात सुमारे बारा मिनिटांचा आणि मालेगावातही सहा-सात मिनिटांचा फरक पडतो. मुंबईचा तक्ता जसाच्या तसा नागपुरात लावला तर माणूस पहाट उजाडल्यावरही निर्धास्तपणे सहरी करीत बसेल. त्याचा रोजा बिघडला तर त्या कार्डावर नाव कोणाचे आहे? आपल्या दुकानाचे! आम्हाला वाटते, दुकानाच्या मालात खोट असण्यापेक्षाही ही जबाबदारी मोठी आहे. कार्ड छापावयाचे असेल तर आपल्या गावचा तक्ता गावातील आलिमांकडून किंवा मस्जिदीच्या इमामसाहेबांकडून तपासून घ्यावा आणि 'अमुक शहरासाठी' असे ठळक छापावे. तारखा चंद्रदर्शनानुसार एक दिवस पुढेमागे होतील हेही लिहावे. शिवाय एकाच गल्लीतील सहा दुकानदारांनी सहा कार्डे छापण्यात काय अर्थ आहे? घरोघरी सहा कार्डे येतात आणि भिंतीवर एक लागते. सहा जणांनी मिळून एकच जाड कागदाचे कार्ड काढावे. मागील बाजूस दवाखाना, रुग्णवाहिका, अग्निशमन, वीज कार्यालय आणि मोहल्ल्यातील कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जमातीचे क्रमांक द्यावेत. असे कार्ड ईदनंतरही निघणार नाही.

याच ओघात एक खटकणारी गोष्ट सांगतो. हँडबिलावर, पिशव्यांवर, पुड्यांच्या कागदावर बिस्मिल्लाह किंवा कुरआनची आयत छापण्याची रीत बंद झाली पाहिजे. बरकतीसाठी छापतो असे सांगतात. ते हँडबिल दुसऱ्या दिवशी गटारात आणि ती पिशवी उकिरड्यावर असते. इफ्तारची दुआ भिंतीवर लागणाऱ्या कार्डावर शोभते. भेळेच्या कागदावर नाही.

मस्जिदीचाही प्रश्न येथेच निघतो. काही व्यापारी बांधव जुम्यानंतर मस्जिदीच्या आत पत्रके वाटतात, कोठे कोठे भोंग्यावरून सेलची घोषणा करवितात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदीत खरेदी-विक्री करण्यास मनाई केल्याचे हदीसमध्ये आले आहे. मग मस्जिदीचा भोंगा दुकानासाठी वापरणे कोणत्या न्यायात बसते? ज्याचा देणगीचा आकडा मोठा त्याचीच घोषणा होणार आणि कोपऱ्यातला मोची तसाच राहणार, हा दुसरा अन्याय. त्यापेक्षा जमातीने मस्जिदीच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या बाजूस एक फळा लावावा. त्यावर मोहल्ल्यात कोण काय काम करतो याची यादी असावी: गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन, शिलाई करणाऱ्या भगिनी, गाडी दुरुस्त करणारे, शिकवणी घेणारे. सर्वांची अक्षरे सारख्याच आकाराची. पैसे कोणाकडूनही घेऊ नयेत, आणि ज्याच्याविरुद्ध आगाऊ रक्कम घेऊन काम न केल्याच्या तक्रारी खऱ्या निघतील त्याचे नाव पुसून टाकावे. नाव पुसले जाण्याची भीती असेल तरच त्या फळ्याला किंमत येईल. विधवा व निराधार भगिनींना जकातीतून रेशन देणे चांगलेच. पण तिच्या शिलाईच्या मशीनला वर्षभर काम मिळवून देणाऱ्या चार शब्दांची सोय करणे जमातीच्या आवाक्यात असताना ते होत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

उन्हाळ्यात दुकानापुढे पाण्याचे माठ ठेवण्याची आपली पद्धत आहे. त्यावर दुकानाचे नाव घालावे की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की लहान अक्षरात नाव असण्यास हरकत काय, निदान माठ स्वच्छ ठेवला जाईल. हे लिहिणाऱ्याचे मत वेगळे आहे. पाणी पाजणे हे सवाबाचे काम आहे. त्याच्यावर पाटी लावली की ते धंद्याच्या खात्यात जमा होते. माठ कोणाचा आहे हे गल्लीला ठाऊक असतेच.

आता ज्या प्रश्नावर दबक्या आवाजात बोलले जाते त्याकडे येऊ. अमक्यांकडून माल घेऊ नका, अशी भाषा गेल्या काही वर्षांत उघडपणे होऊ लागली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव ग्रामसभेत झाला आणि ती बातमी राज्यभर गाजली. जत्रा-यात्रांवर वर्षाची कमाई अवलंबून असलेला खेळणीवाला, बांगडीवाला, मिठाईवाला अशा वेळी कोणाकडे पाहणार? कायद्याची वाट आहे व ती चोखाळलीच पाहिजे. परंतु याला उत्तर म्हणून आपल्यातील काही उत्साही मंडळी 'फक्त आपल्या माणसाकडूनच घ्या' अशी पत्रके काढतात, ते आम्हाला मुळीच पटत नाही. बहिष्काराला बहिष्काराने उत्तर देणाऱ्या छोट्या दुकानदाराचे गणित तरी पक्के असावे! ज्या गावात दहांतील आठ-नऊ गिऱ्हाइके इतर समाजाची आहेत, तेथे असले पत्रक म्हणजे स्वतःच्याच दुकानाला लावलेले कुलूप होय. शिवाय 'आपला माणूस' या नावाखाली सुमार माल खपविणाऱ्याला ते आयतेच कोलीत मिळते.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतले सर्व काही सोडून मदिनेत आले, तेव्हा त्यांच्या अन्सारी भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी त्याला दुआ दिली, मालमत्ता नाकारली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. त्यांना जो बाजार दाखविण्यात आला तो बनू कैनुकाचा, म्हणजे ज्यूंच्या टोळीचा होता. तेथे जाऊन त्यांनी पनीर व तूप विकण्यास सुरुवात केली आणि थोड्याच काळात ते आपल्या पायावर उभे राहिले. बाजार कोणाचा आहे हे पाहून त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. तेथे माल चोख ठेवला. आपल्या बागवान बांधवांना हे सांगण्याची गरज नाही. पहाटे चारला मंडईच्या लिलावात उभा राहणारा बागवान शेतकऱ्याची जात विचारीत नाही आणि शेतकरी त्याची विचारीत नाही. पट्टी वेळेवर मिळते की नाही एवढेच पाहतो. अफवेच्या काळात आपल्या बाजूने बोलणारा माणूस असा शेतकरीच असतो. दिवाळीला, गणपतीला, पंचमीला आपल्या दुकानात काय लागेल याची तयारी महिनाभर आधी करणारा दुकानदार आणि शेजाऱ्याच्या मयतीला दुकान अर्धे ओढून घेणारा दुकानदार, यांच्याविरुद्ध ठराव करताना गावाची जीभ अडखळते, असा आमचा अनुभव आहे.

चोख मालाची गोष्ट निघालीच आहे तर तराजूकडेही पाहू. कमी मापून देणाऱ्यांच्या निषेधाने कुरआनची एक आख्खी सूरह, अल-मुतफ्फिफीन, सुरू होते. आपण ती पठण करतो आणि काट्यावरची धूळही पुसत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन विभागाकडून दरवर्षी करून घ्यावी लागते व तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावायचे असते. बहुतेक दुकानांत ते गल्ल्याखाली कोठे तरी सापडते. ते चौकटीत घालून काट्याच्या वर लावा. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे करा. भावाचा तक्ता लिहा, म्हणजे 'अल्लाकसम, घरात एवढ्याला पडले नाही' हे वाक्य बोलण्याची पाळीच येणार नाही. शपथेवर माल खपतो पण बरकत जाते, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि दुकानात बसलो की विसरतो. धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. फळाच्या गाड्यावर डागी आंबा वेगळा काढून 'डागी, निम्मा भाव' अशी पाटी लावणाऱ्याकडे आम्ही गर्दी पाहिली आहे. ती गर्दी डागी आंब्यासाठी येते आणि जाताना चांगलाही घेऊन जाते, कारण येथे वर ठेवलेला व खाली ठेवलेला आंबा सारखाच असणार याची तिला खात्री पटलेली असते.

राहिले हँडबिल. एकट्याने काढू नये. गल्लीतील सात-आठ वेगवेगळ्या धंद्यांच्या लोकांनी मिळून काढावे. लग्नाच्या हंगामासाठी काढावयाचे तर शेरवानीवाला, बांगडीवाला, बिर्याणीचा आचारी, मंडपवाला, रजईवाला, पत्रिका छापणारा अशी माणसे एकत्र यावीत. एका घरचे लग्न त्या एका कागदावर उरकले पाहिजे. त्यातील प्रत्येकाने आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे पाठवावे आणि त्याचे कमिशन मागू नये. पैसे सारखे घालावेत. आचाऱ्याजवळ नसतील तर इतरांनी त्याचे घालून नंतर घ्यावेत. वर्तमानपत्राच्या एजंटाकडे देऊन ते पेपरात घालून वाटता येते, आणि आठवडे बाजारात हातोहात वाटले तर खेड्यापर्यंत जाते. भिंतीवर, विजेच्या खांबावर मात्र चिकटवू नये. विनापरवानगी भिंती खराब करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, आणि पत्रकावर आपला पत्ता ठळक छापलेला असल्यामुळे दंड करणाऱ्याला आपल्याला शोधण्याचेही कष्ट पडत नाहीत. लग्नसराईचे हँडबिल तिथी जवळ आल्यावर काढून उपयोग नाही. साखरपुडे सुरू होतात तेव्हाच ते घराघरांत पोहोचलेले हवे. रमजानच्या कार्डाचेही तसेच. शाबान लागला की तक्ता तपासून मुद्रकाकडे द्यावा. शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे राजकीय मंडळींच्या शुभेच्छांची कामे पडलेली असतात, आणि घाईत तो पुन्हा मुंबईच्याच वेळा छापून देतो.